काडतुसांचा हिशेब

प्रश्न : मुलीने क्लबमध्ये ट्रॅप नेमबाजी (उडत्या तबकड्यांवर छर्ऱ्यांच्या बंदुकीने नेम) सुरू केली आहे. महिन्याला काडतुसे किती लागतील? स्वस्त माल घ्यावा का?

उत्तर : एका फेरीत २५ तबकड्या. पात्रता फेरीत प्रत्येक तबकडीवर दोन बार मारता येतात, म्हणून एका फेरीला २५ ते ५० काडतुसे लागतात. नवख्याला सरासरी ४० धरा. आठवड्याला चार फेऱ्या म्हटल्या तर महिन्याला ६४०. सरावात फक्त पहिलाच बार मारायचा ठरवले तर हेच ४०० वर येते, आणि पहिल्या बाराची शिस्तही लागते. तबकड्यांचे पैसे वेगळे, तेही आधीच विचारून घ्या.

१२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप), २४ ग्रॅम छर्ऱ्यांची, साडेसात नंबरचीच (हा छर्ऱ्याच्या आकाराचा नंबर) घ्या. स्पर्धेत जास्तीत जास्त २४ ग्रॅमच चालतात. २८ किंवा ३२ ग्रॅमच्या धक्क्याने खांदा दुखतो आणि मुले डोळे मिटू लागतात. स्वस्त चालतील, पण एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, घ्या. जुनी बंदूक असेल तर चेंबर (काडतूस बसते ती जागा) ७० मिमीचे आहे ना, हे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून मोजून घ्या.

खरेदी शस्त्रपरवान्यावरच होते. त्यावरची मर्यादा पाहूनच खोकी मागवा. खोक्यात साधारण २५० असतात. पावसाळ्यात साठा कोरड्या, कुलूपबंद जागी हवा. बाराचा आवाज फुसका आला तर दुसरा मुळीच मारू नका. नळी समोर मैदानाच्या सुरक्षित दिशेकडेच ठेवून थोडे थांबा, बंदूक उघडून रिकामी करा, मग नळीतून आरपार पाहा. नळीत अडकलेल्या वॅडवर (काडतुसातली दारू आणि छर्रे यांमधली गुडदी) पुढचा बार बसला की नळी फुटू शकते.