कर्ज, कायदा आणि राज्यसत्ता

प्रश्न : राजकीय व्यवस्थेचा बँकांशी आणि संघर्षाशी काय संबंध असतो? – एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : राजावर बंधन नसेल, तर त्याला कर्ज देणारा धास्तावलेलाच राहतो. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये सावकारांची देणी थांबवली होती. १६८८ च्या सत्तांतरानंतर मात्र कर आणि कर्ज यांवर संसदेची पकड बसली, १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली आणि सरकारला हळूहळू कमी व्याजाने पैसा मिळू लागला (तो बराचसा युद्धांवरच खर्च झाला, हेही खरे). संघर्षाचेही तसेच: सत्तेवर कायद्याचे बंधन असेल, तर भांडण रस्त्याऐवजी न्यायालयात नेता येते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचेच पाहा: १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा वाद न्यायालयातच सुटावा, असे मला कळकळीने वाटते, कारण बंदचा पहिला फटका हातावर पोट असणाऱ्यांना बसतो, मग ते मराठी असोत वा कन्नड.