खलनायक कुणाला करू?

प्रश्न : गणेशोत्सवासाठी १८५८ च्या ग्वाल्हेरवर दोन अंकी नाटक बसवतोय. नायिका शिंद्यांच्या खजिन्यातल्या कारकुनाची मुलगी, नायक तात्या टोप्यांना मिळालेला शिपाई. बाप इंग्रजांचा हस्तक, तो नायकाला पकडून देतो. तालमीत मंडळाचे एक काका भडकले, ‘महाराजांची बदनामी नको!’ काय करावं? (एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : काकांना चहा पाजा. आणि बापाला हस्तक करू नका. काकांसाठी नव्हे, नाटकासाठी.

१ जूनला ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे तात्या टोप्यांच्या बंडवाल्यांवर चालून गेले आणि त्यांचीच बहुतेक फौज समोरच्यांना जाऊन मिळाली. महाराज आणि दिवाण दिनकरराव राजवाडे आग्र्याला निघून गेले. तुमचा कारकून कुठे जाणार? तो कचेरीत. समोर बंडवाल्यांचे पुढारी रावसाहेब पेशवे यांची माणसं, शिपायांचा पगार वाटायला खजिना उघडा म्हणताहेत. तो रुपये मोजतो, वहीत मोडीत नाव लिहितो, पुढे निशाणी करून घेतो. रांगेत तुमचा नायक येतो. पोरीचं प्रकरण बापाला ठाऊक आहे. मान वर न करता तो थैली सरकवतो, ‘मोजून घ्या.’ बस, या प्रवेशात आणखी एक शब्द घालू नका.

जून संपायच्या आत शहर आणि किल्ला इंग्रजांकडे. बंडवाल्यांना खजिना दिला म्हणून खजिनदार अमरचंद बांठिया यांना सराफ्यात कडुलिंबाला फाशी दिलं. ते झाड तुमच्या मुलांनी येता-जाता पाहिलेलंच असणार. आता कारकुनाला झोप कशी लागेल? वही दाखवली तर हुकमावरून, निशाण्या घेऊन पैसे दिले एवढं तरी म्हणता येतं. पण त्याच पानावर नायकाचं नाव. वही घरी आणलेली, चूल पेटलेली आणि घरात पोरगी एकटी. दुसरा अंक इथे सुरू करा.

शेवटी नायक किल्ल्यावर भगवा फडकावतो, असं तुम्ही पुढे लिहिलंय. ते काढाच. किल्ल्यावर १८८६ पर्यंत इंग्रजी फौज होती. झाशी घेऊन त्यांनी किल्ला शिंद्यांना परत केला. तुमची सतरा वर्षांची नायिका तोवर पंचेचाळीसची झालेली. तिला अंगणातून किल्ल्याकडे बघताना दाखवा, हवं तर.

आणि हो, वही म्हणून शाळेचं रजिस्टर आणू नका. आमच्या एका ऐतिहासिक नाटकात चिटणिसाच्या हाती स्पायरलची वही आली होती आणि पहिल्या रांगेतल्या पोरांनी ती बरोबर हेरली. लाल कापडाची लांबट वही शिवून घ्या.