बायोसेन्सर घेतलास, आता आधी हे ऐक

भाऊ, गावासाठी पाण्यातलं विष ओळखणारं किट घेतलंस हे बेस्ट केलंस. पण पहिल्याच दिवशी कारखान्याच्या नाल्यावर धावू नको.

तुझ्या किटमध्ये चमकणारे समुद्री जिवाणू आहेत, अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी. पाण्यात विष असलं की त्यांचा उजेड १५-३० मिनिटांत मंदावतो. ही चाचणी १५ अंशांवर करायची असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर! बर्फाचा डबा नसेल तर जिवाणू उन्हानेच गार होतील अन् तू कारखान्याच्या नावानं बोंबलशील.

माझी फजिती सांगतो. एका विहिरीच्या पाण्यानं उजेड पार विझला. गावभर बोभाटा केला. मग कळलं, पंचायतीनं आदल्या रात्री टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरिनची भुकटी, टाकली होती. क्लोरिननं जिवाणू मेले. तेव्हापासून नमुन्यात आधी क्लोरिन घालवणारं थोडं सोडियम थायोसल्फेट टाकतो अन् पावडर कधी टाकली ते पंचायतीच्या पाणी सोडणाऱ्यालाही विचारतो.

कारखान्याच्या वरच्या अंगाचं पाणीही घे, नाहीतर तुलना कशाशी करशील? कारखान्यानं रात्री सोडलेलं पाणी सकाळी वाहून गेलेलं असतं, म्हणून वेळ लिहून ठेव.

अन् पाण्यात विष आहे एवढंच हे किट सांगतं, कोणतं ते नाही. शिसं की कीटकनाशक, हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच सांगेल. धातूंच्या तपासणीची बाटली वेगळी भर, तिच्यात नायट्रिक आम्ल पडतं. तेच पाणी जिवाणूंना दिलंस, तर झालं कल्याण.