भाचीचं लगीन अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) धरलंय, मामा म्हणून काय करू?

प्रश्न: ताई, मी यावल तालुक्यातला. भाचीने यंदा दहावीची परीक्षा दिली, आत्ता कुठे सोळा पूर्ण झाली. मेहुण्यांनी तिचं लगीन अखाजीला धरलंय, पोराकडचे हुंडा नको म्हणताय म्हणून स्थळ सोडवत नाही. पोरगी फोनवर रडते, मामा मला कॉलेजला जायचंय म्हणते. तक्रार केली तर बहीण-मेहुणे जेलमध्ये जातील का? आणि माझं नाव फुटलं तर माहेर-सासर सगळंच तुटेल हो.

उत्तर: दादा, लग्न अजून लागलेलं नाही, हीच तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. आजच 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि फोन करणाऱ्याचं नाव ते सांगत नाहीत. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, अंगणवाडी ताईंनाही सांगून ठेवा. पोरीला स्वतःला फोन करता आला तर फारच चांगलं, तिचं तिने सांगितलेलं वेगळंच वजन धरतं.

जेलचं म्हणाल तर, आधीच थांबवलं की बहुतेक वेळा आईबापाला बाल कल्याण समितीपुढे बोलावतात, समजावतात आणि अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही असं हमीपत्र लिहून घेतात, बस. खरी भीती लग्न लावल्यावर आहे, 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, ही शिक्षा बापाला, लग्न लावणाऱ्या भटजीला, आणि नवरा अठराच्या वरचा असेल तर त्यालाही. बाईला कैद होत नाही पण दंड होतो. आणि दादा, मामा म्हणून पोरीला मांडवात तुम्हीच आणणार ना, सामील झालेल्यांवरही बालंट येतं. त्यात 2017 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अठराच्या आतल्या बायकोशी संबंध ठेवणं हा बलात्कारच, लग्न झालंय म्हणून सूट नाही. हे मेहुण्यांना आणि पोराकडच्यांनाही नीट सांगा, हुंडा वाचवायच्या नादात पोरावर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागेल हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं.

"दाखल्यावर तारीख चुकलीय, पोरगी अठराची आहे" असं म्हणतील, तर ते चालत नाही. वय ठरवताना शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट आधी बघतात, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच डॉक्टरी तपासणी. तरीही ऐकत नसतील तर मॅजिस्ट्रेटकडून मनाई हुकूम मिळतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने झालंच नाही असं धरतात.

प्रश्न: माझं लग्न सतराव्या वर्षी लावलं, आता मी 19 ची आहे, माहेरी आलीये, परत जायचं नाही. उशीर झाला का?

उत्तर: नाही गं बाई, पण आता थांबू नको. अठरा पूर्ण झाल्यावर 2 वर्षांच्या आत, म्हणजे तुझी विशी पूर्ण व्हायच्या आत, जिल्हा कोर्टात अर्ज करून ते लग्न रद्द करून घेता येतं. हा घटस्फोट नाही. दुसरं लग्न करेपर्यंत पोटगी मागता येते, लग्नात दिलेले दागिने-पैसे परत मागता येतात, मूल असेल तर ते औरसच राहतं. वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नको, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, बाईला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. शाळेचा दाखला, आधार आणि लग्नाची पत्रिका किंवा फोटो सोबत घेऊन जा.