वेब्स रेजिमेंटचे कफ निळे नका करू!

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला, सेम लफडं मी करून बसलोय. 1704 च्या ब्लेनहाइमच्या लढाईसाठी इंग्लंडच्या वेब्स रेजिमेंटचे (कर्नल वेबची, तीच पुढे आठवी) छोटे खेळण्यातले शिपाई रंगवताय आणि 1742 च्या चित्रात आठव्या रेजिमेंटचे कफ निळे दिसतायत म्हणून निळे मारू का, असं विचारलंय ना? ब्रश खाली ठेवा. राजा पहिल्या जॉर्जने 1716 ला त्यांना ‘किंग्ज’ केलं तेव्हा पिवळ्याचं निळं झालं. तुम्हाला पिवळा हवा.

रेजिमेंटच्या नंबरवर जाऊच नका, ते पक्के झाले 1751 ला, त्याआधी सगळा कारभार कर्नलच्या नावाने. इथेच मी आपटलो. मी 1745 ची फाँटेनॉयची लढाई करत होतो, नोंदीत ‘हॉवर्ड्स’ सापडलं, लगेच हिरवे कफ, 36 शिपाई, दोन महिने रात्री जागून. नंतर कळलं की कर्नल हॉवर्ड दोन, चार्ल्स आणि थॉमस, दोघांच्याही रेजिमेंट त्याच लढाईत, एकाचे कफ हिरवे, दुसऱ्याचे बफ, म्हणजे फिकट पिवळट. अहो ‘ग्रीन हॉवर्ड्स’ हे नावच त्यातून पडलं, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. माझी नोंद थॉमसवाल्यांची होती.

बरं, मी आधी विचारलं नव्हतं असं नाही. एका म्युझियमला (नाव नको) 30 पौंड भरून पत्र पाठवलं होतं, प्रश्न एकच, कफ कुठल्या रंगाचे. अकरा आठवड्यांनी उत्तर आलं, एका चित्राची झेरॉक्स. ब्लॅक अँड व्हाइट! कफ राखाडी, कोट राखाडी, शिपायाचं तोंडही राखाडी. फोन केला तर म्हणे रंगीत प्रतीची फी वेगळी. असो, बीपी वाढतं.

माझ्या मते (मी आयटीवाला, इतिहासकार नाही, चूकभूल द्यावी घ्यावी) सगळ्यात कामाची चीज म्हणजे लंडन गॅझेट या सरकारी वर्तमानपत्रातल्या पळून गेलेल्या शिपायांच्या जाहिराती, ऑनलाइन फुकट आहेत. माणूस ओळखू यावा म्हणून त्यात कोटाचा, अस्तराचा रंग दिलेला असतो, आणि कफ म्हणजे बाही उलटून दिसणारं अस्तरच असायचं बहुतेक वेळा, त्यामुळे अस्तर कळलं की काम झालं. फक्त जानेवारी ते मार्चच्या तारखा जपून वाचा, 1752 पर्यंत तिकडे सरकारी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारी 1703 लिहिलेलं असलं तर आपल्या हिशोबाने 1704 असू शकतं.

आणखी एक, शिपायांचा लाल थोडा विटकरी घ्या, तो मॅडर वनस्पतीचा, आपल्या मंजिष्ठेच्या भावकीतला. चटक लाल ऑफिसरांचा, कोचिनील किड्यांचा. शिपायाचं वेस्टकोट गेल्या वर्षीच्या जुन्या कोटातून शिवायचे, म्हणून तेही लालच, पण जरा उडालेलं.

माझे हिरवे 36 कपाटात आहेत. बायको म्हणते राहू देत, चार्ल्सवाले म्हणून चालतील. चालतील खरे, पण थॉमसवाल्यांचे 36 परत रंगवायला घेतलेत, सध्या अकराव्यावर आहे.