खुर्चीत डुलकी, अंथरुणावर जाग

प्रश्न : मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. रात्री नऊला टीव्हीसमोर खुर्चीतच मला डुलकी लागते. पण साडेनऊला अंथरुणावर पाठ टेकली की झोप उडते आणि बारा वाजून गेले तरी डोळ्याला डोळा लागत नाही. ती झोप भरून निघावी म्हणून दुपारी दोन तास झोपते. झोपेची गोळी सुरू करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती खुर्चीतली डुलकी. ज्यांना खुर्चीत झोप लागते, त्यांची झोपण्याची क्षमता शाबूत असते. बिघडते ते अंथरुणाशी असलेले नाते. रोज दोन-तीन तास घड्याळाकडे पाहत कूस बदलत राहिल्याने अंथरूण आणि तळमळ यांची मेंदूत सांगड बसते, आणि मग दिवा मालवताच शरीर सैलावण्याऐवजी सावध होते.

त्यातच दुपारच्या झोपेची भर पडते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाऊन झोपेची ओढ वाढते. दुपारचे दोन तास आणि नवाची डुलकी यांत ती ओढ खर्ची पडते. चहातील कॅफिन याच ॲडेनोसिनचे काम अडवते, आणि त्यातले निम्मे शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागत असल्याने संध्याकाळी पाचच्या चहाचा अंमल दहालाही उरतो.

म्हणून रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठा, दुपारी आडवे होणे टाळा, आणि डोळे खरोखर जड झाल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका, मग अकरा वाजले तरी चालतील. वीसेक मिनिटे झोपेवाचून गेली असे वाटले, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा आणि पेंग आल्यावरच परत या. भिंतीवरचे घड्याळ मात्र आजच उतरवा. ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुटझिन यांनी 1972 मध्ये मांडली. पहिला आठवडा जड जातो, दिवसा थकवा जाणवतो. पण तेवढ्याने माघार घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गोळी स्वतःहून मुळीच सुरू करू नका; साठीनंतर तिच्यामुळे रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नाही, असे तीन महिने चालले असेल, किंवा घोरताना श्वास अडखळतो असे घरच्यांनी सांगितले, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा.