मला त्रास नाही, मग मी गोळ्या कशाला घेऊ?

प्रश्न : लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या तपासणीत क्लॅमिडिया निघाला. डॉक्टर म्हणतात, दोघांनी औषध घ्या. मला कसलाच त्रास नाही. आई म्हणते, वाड्यातल्या सामायिक संडासातून लागलं असेल. बायकोचंच काही चुकलं असेल का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, पत्र त्यासाठीच लिहिलंय. रिपोर्टवरून एवढंच कळतं की क्लॅमिडियाचे जंतू आज आहेत. ते कधी आले, कोणाकडून कोणाला गेले, हे त्यावरून ठरवता येत नाही. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने गुपचूप राहतो. बहुतेक बायकांना आणि कितीतरी पुरुषांना काहीच जाणवत नाही. तो लग्नाआधीपासून तुमच्याकडे असू शकतो. ही शक्यता पत्रात दिसली नाही, म्हणून सांगितली. संडास मात्र निर्दोष आहे. हा जंतू शरीरसंबंधातून पसरतो.

गोळ्या तुम्हीही घ्यायच्या, आणि दोघांनी एकाच वेळी. नाहीतर ती बरी होईल आणि तुमच्याकडून पुन्हा घेईल. साधारणपणे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. बायकोला दिवस गेल्याची शंका असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मग अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिका जळते. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत कढईतलं दूध प्यायची सवय असेल तर गोळी आणि दूध यांत दोन तास जाऊ द्या. दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नको. तपासणी पुन्हा ३ महिन्यांनी करा. घाई केलीत तर मेलेल्या जंतूंचे अंशही पॉझिटिव्ह दाखवतात.

मुलाचं म्हणाल, तर हा संसर्ग वर चढला की गर्भनलिकांना व्रण पडतात, नळी बंद होते, कधी गर्भ नळीतच राहतो. औषधाने जंतू मरतात, पडलेले व्रण जात नाहीत. म्हणून कोर्सनंतर नळ्यांची तपासणी करायची का, ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. तुमची वीर्यतपासणी झाली का? पत्रात उल्लेख नाही.

दोघांनी एचआयव्ही आणि सिफिलिसचीही तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयांत अशा लैंगिक आजारांसाठी असलेल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये सल्ला आणि औषध मोफत मिळतं. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करूनही माहिती विचारता येते.

आणि यापुढे बायकोचे रिपोर्ट आईंना दाखवायचे नाहीत. तिने स्वतःहून सांगितलं तर गोष्ट वेगळी.